वाघ रंगवण्याआधी वाघ मोजायचा

मुलांना वाघाची ओळख करून द्यायला आम्ही चार सत्रं घेतो. पहिल्या सत्राची पहिली दहा मिनिटं आम्ही काहीच शिकवत नाही. प्रत्येकाला कोरा कागद देतो आणि आठवेल तसा वाघ काढायला सांगतो. नमुना दाखवायचा नाही, शेजाऱ्याचं बघू द्यायचं नाही, खोडरबर द्यायचं नाही. मागच्या बाजूला नाव घालून कागद जपून ठेवायचे, ते शेवटी लागतात. ८ ते १२ वयाच्या मुलांच्या या कागदांवर त्याच त्या चुका सापडतात. शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. डोळ्यांत मांजरासारख्या उभ्या बाहुल्या. अंगावर पट्टीने आखल्यासारखे सरळ, समांतर पट्टे. पंज्याबाहेर आलेल्या नख्या आणि उघडा जबडा. शेजारी बहुधा सिंह, कधी जिराफसुद्धा. वाघ उभा असतो तो कोऱ्या पांढऱ्या जागेत; ना गवत, ना पाणी, ना हरीण.

चुका तिथल्या तिथे सांगायच्या नाहीत. पुढचं सगळं काम या चुकांवरच बेतलेलं आहे. मुखवटा करून घरी नेणारं मूल त्या दिवशी खूश असतं, पण आठवड्याने विचारलं तर वाघाबद्दल नवं काहीच सांगू शकत नाही. उलट ज्याने वाघाची लांबी दोरीने आणि ठशाची रुंदी पट्टीने मोजली, त्याला ते आकडे महिन्यानंतरही आठवतात. म्हणून खेळ कुठलाही असो, मुलांनी स्वतः मोजायची, ताडून बघायची किंवा शोधायची अशी एक तरी गोष्ट त्यात असलीच पाहिजे, एवढा एकच नियम आम्ही ठरवला. नुसतं गुरगुरायचे आणि रंगवायचे खेळ त्यामुळे आपोआप मागे पडले. दीड-दीड तासाची चार सत्रं, २४ मुलं आणि दोन मोठी माणसं, असं हे गणित बसतं. एकच मोठं माणूस असेल तर १२च्या वर मुलं घेऊ नयेत. प्लास्टरच्या कामात एकाला सगळीकडे लक्ष ठेवता येत नाही.

सुरुवात दोरीने. ३ मीटर सुतळी घ्यायची आणि २ मीटरवर गाठ मारायची. नाकापासून गाठीपर्यंत डोकं-धड, गाठीपुढे शेपटी. पूर्ण वाढलेला नर साधारण एवढा भरतो. दोरी जमिनीवर ताणून खडूने बाह्यरेखा काढायची. खांद्याची उंची अंदाजे १ मीटर, ती भिंतीवर आडव्या रेघेने दाखवायची. मुलं एकेक करून रेघेपाशी उभी राहतात आणि वाघाचा खांदा आपल्या कुठे येतो ते बघतात. आठ वर्षांच्या मुलाच्या तो साधारण छातीशी येतो. पुष्कळांच्या मनातला वाघ घोड्याएवढा उंच असतो. इथे तो खाली येतो आणि लांब होतो. मग वजन. मोठा नर २०० किलोच्या आसपास धरला, तर २५ किलोची आठ मुलं. खडूच्या वाघाच्या धडात आठ जणांना उभं केलं की दाटीवाटी होते आणि २०० किलो म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. त्यानंतर एका पिशवीत १ किलो वाळू भरून हातात द्यायची: जन्मलेला बछडा एवढाच असतो, डोळे मिटलेला. ती पिशवी मुलं फार जपून धरतात. वाळू गळणार नाही अशी जाड कापडी पिशवी घ्या आणि तोंड शिवूनच टाका.

दुसरं काम ठशांचं. यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण कुठल्याही जंगलात वाघ दिसण्याआधी दिसतो तो त्याचा ठसा.

ठसा शिकवायला चित्रापेक्षा मुलांचा हात बरा. उजवा हात तळवा खाली करून टेबलावर ठेवायचा, अंगठा आत मुडपायचा. आता चार बोटं दिसतात. सगळ्यात पुढे कोणतं? मधलं, म्हणजे डावीकडून दुसरं. सगळ्यात मागे कोणतं? करंगळी, उजव्या कडेला. वाघाच्या उजव्या पुढच्या पंजाचा ठसा असाच असतो: चार बोटं, त्यांतलं डावीकडून दुसरं सगळ्यात पुढे, उजव्या कडेचं सगळ्यात मागे. अंगठ्याच्या जागची नखी वर पायाला असते, ती मातीत उमटत नाही. डाव्या पंजाचं याच्या बरोबर उलट. हे एकदा हातावर कळलं की ठसा उजव्या पायाचा की डाव्या, हे मुलं स्वतःचा हात शेजारी ठेवून सांगतात. पुस्तकात वाचून हा फरक मोठ्यांच्याही लक्षात राहत नाही.

मग कुत्र्याचा ठसा. तो बहुतेक ठिकाणी अंगणात, रस्त्याकडेच्या चिखलात सापडतोच. सत्राच्या आदल्या दिवशी मुलांना तो शोधून त्याचं चित्र काढून आणायला सांगावं. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांची टोकं उमटतात, वाघाच्या ठशात उमटत नाहीत, कारण चालताना नख्या आत असतात. तळव्याच्या गादीची मागची कडा वाघात तीन उंचवट्यांची असते. कुत्र्याच्या ठशात मधली दोन बोटं जवळजवळ एका ओळीत असतात, वाघाच्या ठशात एक पुढे आणि बाकीची तिरकी. या तीन खुणा पुरेत. चौथी सांगायला गेलात की पहिली विसरली जाते.

साचा काढायचा तर आधी शिक्का लागतो. जाड फोमच्या शीटमधून गादी आणि चार बोटं वेगवेगळी कापायची आणि पुठ्ठ्यावर चिकटवायची. पुढच्या पंजाचा पूर्ण ठसा १४ सेंटीमीटर रुंद धरला तर मोठ्या वाघाचा वाटतो. एकाच थराचा फोम उथळ उमटतो, म्हणून दोन थर एकावर एक. कडा कात्रीने थोड्या तिरक्या कापल्या तर माती शिक्क्याला चिकटून वर येत नाही.

माती चाळलेली हवी. ट्रेमध्ये ४ सेंटीमीटर थर पसरून पाण्याचा फवारा मारायचा आणि मूठ वळून बघायची. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पण तळहाताला चिखल लागला नाही, तर माती बरोबर. कोरडी माती कडांवर ढासळते, जास्त ओली असेल तर शिक्का निघतच नाही. शिक्का सरळ दाबून सरळ उचलायचा. मुलं तो हलवून बसवतात आणि ठसा दीडपट होतो. अर्थात हा बिघडलेला ठसाही फेकायचा नाही. मऊ मातीत वाघाचा ठसा खऱ्या पावलापेक्षा मोठा दिसतो आणि घट्ट मातीत लहान, हे दाखवायला तो कामाला येतो.

ठशाभोवती ५ सेंटीमीटर उंचीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीचं कडं उभं करून मातीत थोडं रुतवायचं. नाहीतर प्लास्टर खालून वाहून जातं. प्लास्टर ऑफ पॅरिसचं माप भांड्याने: १ भाग पाणी, २ भाग पूड. आधी पाणी, मग पूड थोडी थोडी भुरभुरत टाकायची. पुडीवर पाणी ओतलं की गुठळ्या होतात. मिनिटभर बुडू द्यायचं आणि हळू ढवळायचं. जोरात घोटलं तर हवेचे बुडबुडे राहतात आणि नेमके बोटांच्या ठशावर भोकं पडतात. दाट ताकासारखं झालं की लगेच ओतायचं, तेही थेट ठशात नाही, तर कडेला धरलेल्या चमच्यावरून. वरून धार सोडली की ठशाची माती उखडते. ३० मिनिटांनी उचलता येतं, पण घासूनपुसून माती काढायची ती दुसऱ्या दिवशी. त्याच दिवशी ब्रश लावला की बोटं तुटतात आणि मुलं रडकुंडीला येतात. साचा उलटा निघतो, खड्ड्याच्या जागी उंचवटा. तो बघून "हा तर खरा पंजाच झाला" हे मुलांना आपलं आपण कळतं.

दोन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून बघायच्या. प्लास्टर घट्ट होताना चांगलंच तापतं. स्वतःच्या हाताचा साचा काढायचा म्हणून मुलांना त्यात हात घालू देऊ नका, गंभीर भाजू शकतं. आणि पूड मोजण्याचं काम मोठ्यांनी, तोंडाला मास्क लावून करायचं. उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका, नळीत दगड होतो. ते भांड्यातच घट्ट होऊ द्यावं आणि कचऱ्यात टाकावं.

सगळे साचे ओळीने मांडले की कुणीतरी विचारतंच: ठशांवरून वाघ मोजता येतील का? भारतात अनेक वर्षं तसेच मोजत होते. ठशावर काच ठेवून आकार उतरवून घ्यायचे. मुलांनाच करून बघू द्या. एकाच शिक्क्याचे तीन ठसे, एक मऊ मातीत, एक घट्ट मातीत, एक हलवून उमटवलेला, दुसऱ्या गटाला दाखवा आणि वाघ किती ते विचारा. "तीन" हे उत्तर हमखास येतं. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पातले वाघ संपल्याचं २००५ साली उघड झालं आणि या पद्धतीवर विसंबणं सोडून देशभरातली मोजणी २००६पासून कॅमेरा-ट्रॅपसह (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) नव्या पद्धतीने होऊ लागली. मातीतला एक खेळ तिथपर्यंत नेऊन सोडतो.

प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आणि फोटोतला वाघ कोणता हे त्यांवरूनच ओळखतात. म्हणून पुढचं सत्र पट्ट्यांचं.

इथे घाई केली की सगळं फसतं. वाघाची छापील बाह्यरेखा हातात दिली की मुलं पाच मिनिटांत उभ्या रेघा ओढून मोकळी होतात. सगळे वाघ सारखे, आणि ओळखण्याचा खेळ संपलाच. आधी खऱ्या वाघाच्या कुशीचे चार-पाच मोठे फोटो भिंतीवर लावावेत आणि पंधरा मिनिटं नुसतं बघायला लावावं. काय शोधायचं ते नेमकं सांगावं: दोन फाटे फुटलेला पट्टा, बंद वेटोळं, मधेच तुटलेला पट्टा, दोन पट्ट्यांमध्ये एकटा ठिपका. खांद्यामागचा भाग आणि मांडी, या दोन जागा बघायच्या. मग प्रत्येकाने डावीकडे तोंड केलेल्या वाघाच्या बाह्यरेखेवर आपले पट्टे काढायचे, त्यांत या चारांपैकी किमान दोन खुणा हव्यात. पेन्सिल नको, जाड काळं मार्करच. शेपटीवर काळी कडी आणि काळं टोक, गोंडा नाही. हे इथे जाता जाता सांगून टाकायचं.

प्रत्येक चित्राची झेरॉक्स काढायची. मूळ चित्रं म्हणजे नोंदवही. त्यांना क्रमांक द्यायचे. झेरॉक्स म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेले फोटो. पण पूर्ण फोटो द्यायचा नाही. कुठे डोकं कापलेलं, कुठे फक्त मांडी, कुठे कागद तिरका, कुठे गवताच्या रेघा आडव्या आलेल्या. २४ मधल्या १५ वाघांचेच फोटो घ्यायचे, त्यांतल्या काहींचे दोन-दोन. दोघांची जोडी फोटो बघून क्रमांक लावते. "मला वाटतं हा ७ नंबर" एवढं पुरत नाही. कोणता पट्टा जुळला ते बोटाने दाखवावं लागतं. दोन खुणा जुळल्या तरच मान्य.

यात एक फासा आम्ही मुद्दाम टाकतो. दोन वाघांच्या उजव्या कुशीचीही चित्रं आधीच करून फोटोंत मिसळतो. मुलं ती नोंदवहीशी ताडतात, जुळत नाही, आणि "नवीन वाघ सापडला" म्हणून नाचतात. मग सांगायचं की वाघाच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे पट्टे वेगवेगळे असतात. आता तो नवा की जुना, हे कसं ठरवणार? थोडं थांबलं की एखादं मूल म्हणतंच, दोन्हीकडून एकदम फोटो काढायचा. जंगलातही वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात ते याचसाठी. हे उत्तर आपण आधी सांगून टाकलं तर खेळाचा जीव जातो. दोन-तीन मिनिटं शांतता सहन करावी लागते.

दहा वर्षांच्या पुढची मुलं असतील तर लगेच मण्यांची पेटी काढावी. जे वाघ कॅमेऱ्यात आलेच नाहीत ते कसे मोजायचे? पेटीत ६० मणी, आकडा मुलांना सांगायचा नाही. न बघता २० काढायचे, मार्करने ठिपका द्यायचा, परत टाकायचे, पेटी चांगली हलवायची. पुन्हा २० काढायचे आणि ठिपक्याचे किती ते मोजायचं. समजा ६ आले. २० मध्ये ६ ठिपक्याचे, तर पूर्ण पेटीतही ठिपक्याचे त्याच प्रमाणात धरायचे: २० गुणिले २० भागिले ६, म्हणजे ६७. सात आले असते तर ५७. खरा आकडा ६०. प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं येतं आणि सगळी फळ्यावर लिहिली की ती ६०च्या आजूबाजूला घोटाळतात. वाघांची संख्या जाहीर होते तेव्हा "इतके ते इतके" असं का म्हणतात, हे इथे उमगतं. पेटी नीट हलवली नाही तर ठिपक्याचे मणी वरच राहतात, दुसऱ्यांदा तेच जास्त येतात आणि अंदाज फार कमी निघतो. एका गटाला मुद्दाम न हलवता करायला लावलं तर हेही दिसतं.

लपण्याचा खेळ मैदानात, त्याला फार सामान लागत नाही. एक मूल डोळ्यांवर पट्टी बांधून मध्ये बसतं, ते हरीण. दहा मीटरवरून एकेक वाघ निघतो आणि हात लावायला येतो. आवाज आला की हरीण त्या दिशेला बोट दाखवतं. बोट बरोबर असेल तर वाघ बाद. धावायचं नाही. वाटेत वाळका पालापाचोळा पसरावा. सुरुवातीला हरणं सगळीकडे बोटं नाचवतात, म्हणून पाचच वेळा बोट दाखवायची मुभा द्यावी. दहा प्रयत्नांत किती वाघ पोहोचले याची नोंद एकाने ठेवायची. बहुतेक बाद होतात. खऱ्या वाघाचेही बहुतेक हल्ले फसतात, आणि वाघ म्हणजे कधीच न हरणारा ही समजूत स्वतः सात वेळा बाद झालेल्या मुलाच्या मनातून लवकर जाते.

रंगाचा मुद्दा इथेच घ्यावा, कारण "एवढा भगवा वाघ हरणाला दिसत नाही का?" हा प्रश्न येतोच. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या तीन. नारिंगी आणि हिरवा त्याला वेगळे करता येत नाहीत. हे दाखवायला हिरव्या जिलेटिन कागदाचे चष्मे करायचा मोह होतो, करू नका. त्यातून नारिंगी रंग काळपट दिसतो आणि वाघ लपण्याऐवजी उठून दिसतो. त्यापेक्षा एकाच आकाराचे दोन वाघ कापावेत, एक नारिंगी, एक गवताच्याच पिवळट हिरव्या रंगाचा, दोघांवर सारखे काळे पट्टे. उभ्या कागदी गवतात ठेवून दहा मीटरवरून बघायचं. हिरवा वाघ शोधायला वेळ लागतो. हरणाला खरा वाघ साधारण असा दिसतो, एवढं म्हणायचं.

मुखवटे आम्ही अजूनही करतो, नाही असं नाही; पण अर्ध्या तासात आणि दोन अटींवर. डोळ्याच्या बाहुलीचं भोक गोल हवं, आणि मुखवट्याची मागची बाजूही रंगवायची: काळ्या कानांवर एकेक पांढरा ठिपका. हा ठिपका बहुतेकांनी कधी पाहिलेलाच नसतो. रबर लावायची भोकं कडेपासून १ सेंटीमीटर आत पाडा आणि त्यावर चिकटपट्टी लावा, नाहीतर पहिल्याच ताणाला कागद फाटतो. वासाचा एक छोटा प्रयोगही जमतो. वाघ झाडांवर फवारा मारून हद्द आखतो आणि त्यात जो सुवासाचा घटक आहे तोच बासमती तांदळातही आहे; हे रतनलाल ब्रह्मचारी या भारतीय शास्त्रज्ञाचं काम. गरम बासमती भाताची झाकलेली वाटी मैदानात तीन झाडांपैकी एकामागे ठेवायची आणि डोळे बांधून हद्द शोधायची. भात गार झाला की वास मरतो, त्यामुळे हे पाच मिनिटांतच उरकावं लागतं.

चौथं सत्र पूर्ण मण्यांचं. आम्हाला विचाराल तर चारांतलं एकच घ्यायचं झालं तर हेच घ्या.

वाघाला वर्षाला हरणाएवढी सुमारे ५० जनावरं लागतात, आठवड्याला एक. कळपातून दरवर्षी दहांत एक या प्रमाणात गेलं तर कळप टिकतो. म्हणजे एका वाघामागे ५०० जनावरं हवीत. हा हिशेब नुसता सांगितला तर कानावरून जातो, म्हणून खेळतो. एक मणी म्हणजे १० जनावरं. प्रत्येक गटाला हिरव्या कापडावर ५० मणी आणि एक वाघाचं कार्ड. एक फेरी म्हणजे एक वर्ष. आधी जन्म: प्रत्येक पूर्ण १० मण्यांमागे १ मणी वाढवायचा. मग वाघ ५ मणी उचलतो. उरलेले मोजून तक्त्यात लिहायचे. ५० चे ५५, त्यातले ५ गेले, पुन्हा ५०. दुसऱ्या वर्षी ५०. तिसऱ्या वर्षी ५०. मुलं कंटाळून म्हणतात, काही होतच नाहीये. तोच क्षण धरायचा.

आता एका गटाचे १० मणी काढून घ्यायचे: कुरण गेलं, किंवा फासे लावून हरणं मारली गेली. ४० पासून सुरुवात. ४४, त्यातले ५ गेले, ३९. पुढे ३७, ३५, ३३, ३१, २९. मग घसरण वाढते: २६, २३, २०, १७, १३, ९, ४. चौदाव्या वर्षी वाघाला उचलायला पाच मणीच नसतात. वाघाला कुणी हात लावलेला नाही, तरी वाघ राहत नाही. तक्ता लिहिणारं मूल दहाव्या वर्षाच्या आसपास गप्प होतं. दुसऱ्या गटाला ५० मणी आणि दोन वाघ द्यायचे: ४५, ३९, ३२, २५, १७, ८, आणि सातव्या वर्षी खेळ खलास. बछडे साधारण दोन वर्षांचे झाले की आईची हद्द सोडून का निघतात आणि वाघांच्या जंगलांना जोडणारे झाडीचे पट्टे का लागतात, ते या तक्त्यावरून मुलंच सांगतात. जिथे भक्ष्य भरपूर तिथे वाघिणीला २० चौरस किलोमीटर पुरतात, रशियाच्या अतिपूर्वेकडच्या विरळ भक्ष्याच्या जंगलात ४००सुद्धा लागतात. जागेतला हा फरक हरणांचा आहे.

चुका होतात त्या जन्माच्या हिशेबात. ३९ला ४ मणी वाढवतात. पूर्ण दहा तीनच, म्हणून ३. एकाने मणी हलवायचे आणि दुसऱ्याने लिहायचं, अशी वाटणी आधीच करावी. हुशार मुलं विचारतात की कमी पडलं तर वाघ दुसरीकडे जाणार नाही का, किंवा गाई-गुरं मारणार नाही का. दोन्ही होतं, आणि हा खेळ हिशेब सोपा करण्यासाठी ते सोडून देतो, हे त्यांना स्पष्ट सांगावं. तो प्रश्न विचारला गेला म्हणजे खेळ पोहोचला.

जगातले वाघ मोजायला १०० मण्यांची काचेची बरणी. एक मणी म्हणजे १,००० वाघ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुमारे एक लाख धरतात, म्हणजे बरणी भरलेली. २०१० साली सुमारे ३,२००. ९७ मणी बाहेर काढायचे. बाली, जावा आणि कॅस्पियन समुद्राकाठचा वाघ यांचा एकही मणी उरला नाही. तळाशी तीन मणी ठेवून सत्र संपवलं तर लहान मुलं उदास होऊन घरी जातात, आणि ते पूर्ण खरंही नाही. २०२३पर्यंतचा अंदाज साडेपाच हजारांच्या आसपास गेला, त्यांतले बहुसंख्य भारतात. २०२२च्या मोजणीत भारताचा सरासरी आकडा ३,६८२ होता. अडीच मणी परत टाकायचे. त्यातली काही वाढ मोजणी सुधारल्याने दिसते, हेही सांगावं. मण्यांची पेटी खेळलेल्या मुलांना ते कळतं.

"वाघ माणसाला खातो का?" हा प्रश्न टाळू नये आणि रंगवूही नये. वाघ माणसाला टाळतो, माणूस त्याचं नेहमीचं भक्ष्य नाही. पण माणसं मारली गेली आहेत, हे सरळ सांगावं. वाघांच्या जंगलालगत राहणारी मुलं असतील तर पहाटे आणि संध्याकाळी एकट्याने न जाणं, झुडपात खाली वाकून न बसणं, बछडे दिसले तर जवळ न जाता मागे सरणं, आणि पाठ फिरवून न पळणं, हे चार नियम खेळांच्या आधी, पहिल्या सत्रातच द्यावेत.

शेवटी पुन्हा कोरा कागद, पुन्हा दहा मिनिटं. मग जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून मुलांनीच फरक लिहायचे. गोंडा गेलेला असतो, पट्ट्यांना फाटे फुटलेले असतात, सिंह आणि जिराफ निघून गेलेले असतात, आणि बऱ्याच कागदांवर गवत उगवतं, त्यात हरणं येतात. काहींनी तर ती मोजून काढलेली असतात. नख्या मात्र पुष्कळांच्या अजून बाहेरच असतात. त्यासाठी एक बटणाचं पेन खिशात ठेवतो. टोक आत: वाघ चालतोय, ठशात नखं नाहीत. टोक बाहेर: झाडावर ओरखडे, किंवा शिकार. पेन हातात दिलं की मूल स्वतः दोनदा-तीनदा दाबतं आणि मग चित्रातल्या नख्या काळ्या मार्करने झाकायला कागद परत मागतं.